पत्र्याच्या छपरावरचा गंज: कारखाने, गोदामं आणि दुकानांच्या इमारतींसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोठ्या इमारतीचं पत्र्याचं छप्पर सहसा मधोमध गंजत नाही. ते कडेला गंजतं, जोडात गंजतं, स्क्रूभोवती गंजतं, पन्हळीत कुजणाऱ्या पानांखाली गंजतं. थोडक्यात, जिथे पाणी येऊन थांबतं तिथे. खालच्या बहुतेक उत्तरांचा रोख त्यावरच आहे. रंगरंगोटीचे प्रश्नही घेतले आहेत, पण ते मुद्दाम उशिरा.

पत्र्यावर जस्ताचा मुलामा आहे, मग गंज येतोच कसा?

मुलामा कायमचा नसतो, तो हळूहळू खर्च होत असतो. लोखंडाला पाणी आणि ऑक्सिजन एकत्र मिळाले की गंज तयार होतो. हा गंज फुगीर आणि सच्छिद्र असतो, त्यामुळे तो खालच्या धातूला झाकत नाही, उलट ओल धरून ठेवतो. जस्ताचं वागणं वेगळं. ते उघड्या हवेत आलं की त्यावर आधी ऑक्साइड-हायड्रॉक्साइडचा आणि मग हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे झिंक कार्बोनेटचा घट्ट थर बसतो आणि झीज मंदावते. शिवाय जस्त लोखंडापेक्षा जास्त क्रियाशील आहे. ओरखडा पडून लोखंड उघडं पडलं तरी शेजारचं जस्त आधी झिजतं आणि लोखंड वाचतं. फ्रान्समध्ये स्तानिस्लास सोरेल यांनी १८३७ मध्ये या पद्धतीचं पेटंट घेतलं. साधारण ४५० अंश सेल्सियसला वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवायचं, ही रीत अजून तशीच आहे.

पण या संरक्षणाला मर्यादा आहेत. पातळ पत्र्यावर जस्त एखाद-दोन मिलिमीटर रुंदीची उघडी जागा सांभाळू शकतं; ग्राइंडरने जळालेला चांगला बोटभर पट्टा त्याच्या आवाक्याबाहेरचा असतो. दुसरं म्हणजे कार्बोनेटचा तो घट्ट थर बसायला पत्रा अधूनमधून कोरडा व्हावा लागतो. सतत ओल्या जागी तो नीट बनतच नाही, जस्त भराभर संपतं आणि मग तांबूस डाग दिसायला लागतात.

मुलामा किती वर्षं पुरेल याचा काही हिशोब आहे का?

ढोबळ हिशोब मांडता येतो. पत्र्याच्या कागदपत्रात ‘झेड २७५’ असं लिहिलेलं असेल तर दोन्ही बाजू मिळून दर चौरस मीटरला २७५ ग्रॅम जस्त आहे. म्हणजे एका बाजूला जेमतेम २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आयएसओ ९२२३ हे मानक हवेची क्षरणशक्ती सी१ ते सी५ आणि त्यापुढे सीएक्स अशा वर्गांत मांडतं. मध्यम मानल्या गेलेल्या सी३ हवेत जस्त पहिल्या वर्षात ०.७ ते २.१ मायक्रॉन झिजतं, तर सी५ हवेत ४.२ ते ८.४ मायक्रॉन. साधा भागाकार केला तरी कळतं की तोच पत्रा एका ठिकाणी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं तग धरेल आणि दुसऱ्या ठिकाणी अडीच वर्षांत उघडा पडेल. त्यानंतर खालच्या पोलादाची पाळी. सी५ हवेत उघडं पोलाद पहिल्या वर्षात ८० ते २०० मायक्रॉन झिजू शकतं, आणि अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा म्हणजे सगळे मिळून ५०० मायक्रॉन.

जाता जाता एक गोष्ट. पत्रा विकताना सांगितलेली जाडी नुसत्या पोलादाची आहे की मुलामा आणि रंग धरून एकूण, हे नक्की विचारा. दोन दरपत्रकांमधला ‘स्वस्त’ पत्रा पुष्कळदा इथेच स्वस्त झालेला असतो.

जीआय, गॅल्व्हल्यूम, रंगीत पत्रा आणि ॲल्युमिनियम यांतलं काय घ्यावं?

जीआय (गॅल्व्हनाइज्ड आयर्न) पत्र्यावर जवळजवळ शुद्ध जस्त असतं. गॅल्व्हल्यूमच्या मुलाम्यात वजनाने ५५ टक्के ॲल्युमिनियम, साधारण ४३.५ टक्के जस्त आणि दीड टक्क्याच्या आसपास सिलिकॉन असतं. तो १९७२ मध्ये अमेरिकेत बाजारात आला. मोकळ्या हवेत, त्याच जाडीच्या जस्ताच्या मुलाम्याच्या तुलनेत तो पुष्कळ जास्त टिकतो, कारण ॲल्युमिनियमचा भाग पाण्याला आडवा येतो. मात्र कापलेल्या कडेला आणि ओरखड्याला स्वतः झिजून वाचवण्याची त्याची ताकद शुद्ध जस्तापेक्षा कमी असते. आणि त्याला अल्कली अजिबात चालत नाही. ओलं सिमेंट, चुना, जनावरांच्या गोठ्यातला अमोनिया, यांच्या संगतीत तो लवकर खराब होतो. कोंबड्यांच्या किंवा गुरांच्या शेडला गॅल्व्हल्यूम घालणं मला तरी पटत नाही.

रंगीत पत्रा म्हणजे यांपैकीच एखाद्या मुलाम्यावर कारखान्यातच चढवलेला प्राइमर आणि रंग. वरच्या बाजूचा रंग साधारण २० ते २५ मायक्रॉन असतो, खालच्या बाजूचा बराच कमी. साधा पॉलिएस्टर, सिलिकॉन मिसळलेला पॉलिएस्टर आणि पीव्हीडीएफ (फ्लोरीनयुक्त प्लास्टिकचा रंग) अशी रंगांची चढती श्रेणी आहे. पीव्हीडीएफ उन्हात सगळ्यात कमी फिका पडतो. पण रंग कितीही भारी असला तरी खाली मुलामा किती ग्रॅमचा आहे, हे पाहिल्याशिवाय सौदा करू नका. रंगाची छटा सगळे बघतात, मुलाम्याचा आकडा फार थोडे विचारतात.

ॲल्युमिनियमला तांबडा गंज येत नाही. खाऱ्या हवेत त्यात बारीक खड्डे पडू शकतात, तरीही समुद्रकिनारी किंवा मीठ-खतांच्या गोदामांवर ते पोलादापेक्षा सरस ठरतं. फक्त ते पोलादी पर्लिनवर (पत्रा ज्यावर बसतो त्या आडव्या पट्टीवर) थेट टेकता कामा नये. मध्ये रबराची किंवा योग्य टेपची पट्टी हवी. आणि तापमानाप्रमाणे ते पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं-आखडतं, त्याची सोय बसवतानाच करावी लागते.

गंज सगळ्यात आधी कुठे शोधायचा?

वळचणीची कापलेली कड, दोन पत्र्यांचे जोड, स्क्रूची डोकी, पन्हळी, चिमणी आणि एक्झॉस्टच्या भोवतालचं फ्लॅशिंग (जोड झाकणारी धातूची पट्टी), यंत्रांच्या सावलीतला भाग, आणि पत्र्याची खालची बाजू. जोडांच्या बाबतीत वरून दिसणारा डाग फसवा असतो. दोन पत्रे एकमेकांवर चढतात तिथे केशाकर्षणाने पाणी आत ओढलं जातं आणि ते वाळायला हवाच मिळत नाही. कडेला नखाएवढा तांबडेपणा दिसला तर आत तळहाताएवढी जागा गेलेली असू शकते. शंका असेल तिथे एखादा स्क्रू काढून जोड उचकटून बघावा, अंदाजावर राहू नये.

स्क्रूंवर एवढा भर का? छपराच्या खर्चात ते तर किरकोळ असतात.

किरकोळ असतात म्हणूनच तिथे कंजुषी होते. मोठ्या छपरावर हजारो स्क्रू असतात, म्हणजे छपराला हजारो भोकं पाडलेली असतात. नेहमीच्या सेल्फ ड्रिलिंग स्क्रूवरचा इलेक्ट्रोप्लेटिंगचा मुलामा दहा मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. पत्र्यावर २० मायक्रॉन आणि त्याला धरून ठेवणाऱ्या स्क्रूवर त्याच्या निम्मे, तर आधी काय जाणार हे उघड आहे. स्क्रूचं डोकं गंजलं की तो गंज पत्र्यावर ओघळतो, वॉशरखाली ओल राहते आणि भोक मोठं होत जातं. म्हणून पत्र्याचं अपेक्षित आयुष्य आणि स्क्रूचं आयुष्य जुळायला हवं. बाहेरच्या कामासाठी जाड मुलाम्याचे किंवा जादा कोटिंग केलेले स्क्रू मिळतात, ते मागून घ्यावेत.

घट्ट करण्यातही कौशल्य आहे. स्क्रूखालचा ईपीडीएम रबराचा वॉशर किंचित दबून कडेला जरासा दिसला पाहिजे. जास्त पिळला तर रबर चिरडून बाहेर येतं, धातूची टोपी उलटी होते आणि तिथे वाटीसारखं पाणी साठतं. सैल राहिला तर पाणी सरळ आत. कामगाराच्या हातातल्या ड्रिल मशिनला टॉर्कची (पिळण्याच्या जोराची) मर्यादा लावलेली असावी आणि स्क्रू काटकोनात बसावा. तिरका बसलेला स्क्रू एका बाजूने कायम उघडा राहतो.

शिवाय पत्रा रोज हलतो. पोलाद दर अंशाला मीटरमागे ०.०१२ मिलिमीटर प्रसरण पावतं. ३० मीटर लांबीचा पत्रा पहाटेपासून दुपारपर्यंत ५० अंशांनी तापला तर तो १८ मिलिमीटर वाढतो, आणि गडद रंगाच्या छपरावर एवढा फरक सहज पडतो. ही ओढाताण वर्षानुवर्षं स्क्रूंवर येते. भोकं लांबट होतात, स्क्रू वर येतात. फार लांब छपरासाठी, जमत असेल तर, उभ्या शिवणीचं (पत्र्यांच्या कडा उभ्या वळवून एकमेकींत अडकवलेलं) आणि लपलेल्या सरकत्या क्लिपांचं छप्पर घ्यावं, असं माझं मत. सुरुवातीला महाग पडतं, पण त्यात पाण्याच्या वाटेत भोकंच नसतात.

छप्पर नवं कोरं आहे, पण आठवड्यातच सगळीकडे तांबूस ठिपके दिसायला लागले. पत्रा खराब निघाला का?

बहुतेक वेळा पत्रा ठीक असतो. ते ठिपके म्हणजे ड्रिलिंग आणि कापाकापीतून उडालेला लोखंडाचा कीस. तो गरम असतानाच रंगावर चिकटतो, पहिल्या दवाने किंवा पावसाने गंजतो आणि डाग पाडतो. नुसता डाग असतो तोवर नुकसान कमी, पण तसाच राहू दिला तर त्याच्याखालचा रंग आणि मुलामा बिघडतो. उपाय अगदी साधा: रोजचं काम संपलं की मऊ झाडूने किंवा ब्लोअरने छप्पर झाडून घ्यायचं. दुसऱ्या दिवशी नव्हे, त्याच दिवशी.

ग्राइंडरच्या चकतीने पत्रा कापू नका. ठिणग्यांनी आजूबाजूचा रंग जळतो आणि कापलेल्या कडेचं जस्तही उडून जातं. पत्र्याची कात्री किंवा निबलर (पत्रा ठिणग्यांविना कुरतडून कापणारं यंत्र) वापरावा. आणखी एक बारीक गोष्ट: गॅल्व्हल्यूमवर साध्या शिसपेन्सिलीने खुणा करू नयेत. त्यातलं ग्राफाइट त्या मुलाम्याशी विद्युत-रासायनिक जोडी जमवतं आणि काही काळाने खुणेची रेघ पत्र्यात कोरल्यासारखी दिसते. मार्कर पेन वापरावा.

साइटवर रचून ठेवलेले पत्रे पांढरे पडले. वापरायचे की परत करायचे?

हा पांढरा गंज. रचलेल्या पत्र्यांच्या मध्ये पाणी शिरतं, हवा खेळत नाही, आणि जस्ताचा पांढरा भुसभुशीत हायड्रॉक्साइड तयार होतो. पातळ पांढरी पूड असेल आणि खाली चकाकी शिल्लक असेल तर नायलॉनच्या ब्रशने साफ करून, कोरडा करून पत्रा वापरता येतो. काळपट करडे चट्टे पडले असतील आणि पृष्ठभाग खरबरीत लागत असेल तर मुलामा बराच गेला आहे, असा पत्रा छपरावर चढवू नये. गॅल्व्हल्यूमवर हेच काळ्या डागांच्या रूपात दिसतं. पत्रे जमिनीपासून उंच, एका बाजूला उतार देऊन ठेवावेत. वर ताडपत्री टाकली तर ती चोहोबाजूंनी गुंडाळू नये, नाहीतर आत बाष्प साठून नुकसान वाढतं.

छपरावरच्या एसीचं पाणी पत्र्यावर पडतं. साधंच पाणी आहे, त्याने काय होतं?

एसीच्या आतल्या कॉइलमध्ये आणि नळ्यांमध्ये तांबं असतं. त्यावरून ठिबकणाऱ्या पाण्यात तांब्याचे सूक्ष्म अंश येतात, ते जस्तावर किंवा ॲल्युमिनियमवर बसतात आणि प्रत्येक कणाभोवती एक छोटी बॅटरीच तयार होते. तांबं सुरक्षित राहतं, जस्त झिजतं. पाऊस अधूनमधून येतो, हे ठिबकणं रोजचं असतं. म्हणजे तो पट्टा कधी कोरडाच होत नाही. एसीचं पाणी प्लास्टिकच्या पाइपने थेट पन्हळीपलीकडे किंवा खाली नेणं, हा या यादीतला सगळ्यात स्वस्त उपाय असेल. तांब्याच्या उघड्या नळ्या पत्र्यावर टेकवूनही ठेवू नका.

वेगवेगळ्या धातूंच्या जोडीत क्षेत्रफळही महत्त्वाचं असतं. ॲल्युमिनियमच्या मोठ्या पत्र्यात स्टेनलेसचा छोटा स्क्रू चालतो, कारण झिजणारा धातू भरपूर आणि झिजवणारा थोडा. उलट जोडी, म्हणजे स्टेनलेस किंवा तांब्याच्या मोठ्या पत्र्यात जस्त चढवलेला स्क्रू, लवकर निकामी होते. शिशाचं फ्लॅशिंग गॅल्व्हल्यूमला लावू नये.

छप्पर बदलून रंगीत पत्रा घातला, पन्हळी जुन्याच जस्ताच्या ठेवल्या. आता पन्हळीच गंजतात. हे कसं?

कारण नवं छप्पर ‘चांगलं’ आहे. जुन्या जीआय छपरावरून येणारं पाणी वाटेत थोडं जस्त विरघळवून आणायचं, त्यामुळे पन्हळीला पोचेपर्यंत त्याची भूक भागलेली असायची. रंगीत पत्रा, गॅल्व्हल्यूम, काच किंवा फायबरचा पारदर्शक पत्रा यांच्यावरून येणारं पाणी काहीच उचलत नाही. ते शुद्ध राहतं आणि जिथे पहिल्यांदा उघडं जस्त भेटतं तिथेच खायला सुरुवात करतं. दव ठिबकणाऱ्या जागी तर रेघांरेघांनी खड्डे पडतात. जीआय छपरात मध्येच फायबरचे पत्रे बसवले की त्यांच्या खालच्या पत्र्यांवरही हेच होतं. छप्पर बदलताना पन्हळीही त्याच जातीच्या घ्याव्यात, नाहीतर जुन्यांना आतून योग्य कोटिंग करून घ्यावं.

वरून छप्पर स्वच्छ आहे, पण आतून गंज दिसतो. गळती नाही. मग पाणी कुठून येतं?

पत्र्याला घाम सुटतो. आतली उबदार, दमट हवा रात्री थंड झालेल्या पत्र्याला लागते आणि थेंब जमतात. कपडे धुण्याचा कारखाना, अन्नप्रक्रिया, कागद, पोहण्याचा तलाव, किंवा नुसती दाटीवाटीने भरलेली वस्तूंची गोदामं, सगळीकडे हे घडतं. पत्र्याच्या खालच्या बाजूला रंग पातळ असतो आणि पावसाने धुतलं जाण्याची सोय नसते, त्यामुळे साठलेली धूळ, क्षार आणि ओल तशीच राहते.

इथे रंग मारून फारसं भागत नाही, आधी दमट हवेला बाहेर जायची वाट करून द्यावी लागते. आढ्याला आणि वळचणीला हवा खेळेल अशी मोकळीक, वाफ निघते तिथेच एक्झॉस्ट, आणि इन्सुलेशन असेल तर त्याच्या उबदार बाजूला सलग बाष्परोधक थर. तो थर फाटलेला असेल किंवा जोडांची टेप सुटलेली असेल तर काचलोकर ओली होते आणि पत्र्याला महिनोन्‌महिने ओला चिकटून राहते. ही परिस्थिती उघड्या पत्र्यापेक्षा वाईट. नव्या छपरासाठी खालून लोकरीसारखा थर चिकटवलेले पत्रे मिळतात. ते रात्रीचं पाणी धरून दिवसा सोडून देतात, पण दिवसा वाळायला हवा मिळणार असेल तरच त्यांचा उपयोग.

इमारत समुद्राजवळ आहे. वेगळं काय करायचं?

मीठ हवेतली ओल खेचून घेतं, म्हणून पाऊस नसतानाही पृष्ठभाग ओलसर राहतो. लाटा फुटतात त्या किनाऱ्यापासून पहिल्या काहीशे मीटरमध्ये मारा सर्वाधिक असतो, पुढे तो झपाट्याने कमी होतो. लोकांना आश्चर्य वाटतं, पण अशा ठिकाणी उघडं छप्पर त्यामानाने बरं राहतं, कारण पाऊस त्याला धुऊन काढतो. पाऊस पोचत नाही तो भाग आधी जातो: वळचणीची खालची बाजू, भिंतीचे पत्रे छज्जाखाली, मोठ्या यंत्रांच्या आडोशाचा भाग. तिथे दर काही महिन्यांनी गोड्या पाण्याचा पाइप मारणं, याला पर्याय नाही.

पाणी थोडा वेळ साचतं आणि मग वाळून जातं. चालेल का?

नाही. प्रत्येक वेळी वाळताना पाणी उडून जातं, त्यातले क्षार आणि धूळ तिथेच उरतात. पत्र्याला खोलगटपणा कशामुळे आला ते शोधा: पर्लिन वाकलंय, कोणी जड वस्तू ठेवलीय, की उतारच मुळात कमी दिलाय.

फटी सिलिकॉनने भरल्या, तिथेच गंज आला. असं होऊ शकतं?

होऊ शकतं. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन वाळताना ॲसेटिक ॲसिड सोडतं आणि ते जस्ताला खातं. पत्र्यासाठी ‘न्यूट्रल क्युअर’ लिहिलेलंच घ्या.

छप्पर धुण्यासाठी काय वापरावं?

पाणी, मऊ ब्रश, गरज पडल्यास सौम्य साबण, आणि शेवटी भरपूर पाणी. ॲसिड, ब्लीच, कॉस्टिक, तारेची घासणी यांतलं काहीही नको. शेवाळ्यासाठी लोक ब्लीच ओततात. शेवाळं जातं, सोबत मुलामाही जातो. प्रेशर वॉशर चालतो, पण झोत उताराच्या दिशेने खाली मारायचा, जोडांमध्ये आणि वॉशरखाली नाही. पक्ष्यांची विष्ठा, कुजकी पानं आणि स्वयंपाकघराच्या एक्झॉस्टमधून येणारा तेलकट थर यांना आधी हटवा. नुसती धूळ त्यामानाने सोशिक असते.

गंज आलाच आहे. रंग कसा मारायचा की तो टिकेल?

रंग टिकणं ऐंशी टक्के खालच्या तयारीवर असतं असं जुने रंगारी म्हणतात. आकडा सोडून द्या, म्हणणं खरं आहे. सुटा गंज आणि फुगलेला रंग खरवडून काढायचा, कडा पॉलिश पेपरने उतरत्या करायच्या, तेल-मीठ धुऊन काढायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. मीठ राहिलं तर रंगाखाली फोड येतात, हे नक्की. वाळूचा मारा जाड पोलादी सांगाड्याला ठीक. पातळ पत्रा त्याने वाकतो आणि चांगलं जस्तही निघून जातं.

उघड्या पोलादाला जस्तयुक्त प्राइमर द्यावा. त्यात भरपूर जस्त असेल तरच तो मुलाम्यासारखं काम करतो, नाहीतर नुसता करडा रंग. चांगल्या प्राइमरच्या वाळलेल्या थरात वजनाने ८० टक्के किंवा जास्त जस्तभुकटी असते. तो स्वच्छ धातूला थेट लागला पाहिजे, गंजावर मारला तर वाया. त्यावर मधला कोट आणि वरचा उन्हात टिकणारा कोट.

वेळही पाहायची. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंशांनी जास्त आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांखाली असावी. भल्या पहाटे ‘ऊन चढायच्या आत उरकू’ म्हणून सुरुवात केली तर न दिसणाऱ्या दवावर रंग बसतो. भर दुपारीही नको. तापलेल्या पत्र्यावर रंग पसरण्याआधीच ओढतो.

आणि जीआय पत्र्यावर साधा ऑइल पेंट थेट मारू नका. त्यातल्या तेलाची जस्ताशी क्रिया होऊन मध्ये साबणासारखा थर तयार होतो आणि रंग पापुद्र्यांनी सुटतो. जस्तासाठी वेगळा प्राइमर असतो. रंगीत पत्र्यावरच्या बारीक ओरखड्यांसाठी मात्र बारीक ब्रशने फक्त ओरखड्यापुरताच टचअप करावा. स्प्रेने भलामोठा ठिपका मारला तर वर्षभरात तो मूळ रंगापेक्षा वेगळा फिकटतो आणि छपरावर ठिगळं दिसतात.

रस्ट कन्व्हर्टर लावलं की घासायची गरज नाही ना?

आहे. टॅनिक किंवा फॉस्फोरिक ॲसिडवर चालणारी ही द्रव्यं घट्ट चिकटलेल्या पातळ गंजाला स्थिर करतात. सुट्या, पापुद्रे सुटलेल्या गंजात ती तळापर्यंत पोचत नाहीत. शाबूत जस्तावर सांडली तर नुकसानही करतात.

संपूर्ण छपरावर जाड वॉटरप्रूफ कोटिंग मारलं तर एकदाच काम होईल?

पत्रा खालून शाबूत असेल, स्क्रू बदललेले असतील आणि जोड टेपने किंवा जाळीने नीट बांधलेले असतील तर चांगलं काम होतं. पाणी साचणाऱ्या जागी ॲक्रिलिक कोटिंग मऊ पडून सुटतं. तिथे सिलिकॉनचं कोटिंग जास्त टिकतं. पण खालून घामाने गंजणाऱ्या पत्र्यावर वरून कोटिंग मारणं म्हणजे दुखणं अंगावर काढणं. वर पांढरंशुभ्र छप्पर दिसत राहतं आणि खाली पत्रा पातळ होत जातो, तेही कुणाला न दिसता.

सौर पॅनेल बसवायचे आहेत. गंजाच्या दृष्टीने काय बघावं?

पॅनेल पत्र्यापेक्षा जास्त काळ टिकणार असतील तर आधी छपराचा निर्णय घ्या. दहा वर्षांनी सगळे पॅनेल उतरवून पत्रे बदलणं फार महाग जातं. उभ्या शिवणीच्या छपरावर भोक न पाडता क्लॅम्प बसतात. लाटदार पत्र्यावर भोकं पाडावीच लागली तर ती पत्र्याच्या उंचवट्यावर, पाणी वाहतं त्या खळग्यात नाहीत. पॅनेलखाली पाऊस धूळ धूत नाही आणि ऊनही लागत नाही, म्हणून हात आणि पाण्याचा पाइप जाईल एवढी जागा ठेवायला सांगा. केबल पत्र्यावर लोळता कामा नयेत.

मुद्दाम गंजलेलं दिसणारं कॉर्टेन पोलाद छपराला वापरता येईल?

भिंतीला, शिल्पाला छान. छपरासाठी टाळा. त्याचा संरक्षक थर बसायला ओलं-कोरडं असं चक्र लागतं; जोडांत आणि कचऱ्याखाली ओल टिकते, तिथे ते साध्या पोलादासारखंच गंजत राहतं.

तपासणी किती वेळा आणि कशी करायची?

वर्षातून दोनदा, पावसाच्या हंगामाआधी आणि नंतर, शिवाय प्रत्येक मोठ्या वादळानंतर. एसीवाले, केबलवाले, सौर पॅनेलवाले अशा कुणाचंही छपरावर काम झालं की त्याच दिवशी एक फेरी मारावी. सोडून दिलेले स्क्रू, तारांचे तुकडे, पत्र्याच्या कापट्या, हे सगळं तिथे गंजत पडतं आणि डाग छपराला लागतो. दरवेळी त्याच जागांचे, त्याच बाजूने फोटो काढून ठेवा. एका फोटोवरून गंज वाढतोय की थांबलाय हे सांगता येत नाही. मुलाम्याची जाडी मोजणारा छोटा चुंबकीय गेज मिळतो; मोठी छपरं सांभाळणाऱ्याकडे तो असावाच.

दुरुस्ती करायची की छप्पर बदलायचं, हे कसं ठरवावं?

गंज वरचा आहे, खरवडल्यावर खाली टणक धातू लागतो, आणि तो ठरावीक जागांपुरताच आहे: दुरुस्ती करा. स्क्रूभोवतीची भोकं फाटून मोठी झाली आहेत पण पत्रा जाड आहे: जास्त व्यासाचे स्क्रू आणि मोठे वॉशर काही वर्षं निभावून नेतील. जोडांमध्ये सर्रास आरपार भोकं आहेत, किंवा खालून बोट दाबल्यावर पत्रा कुरकुरतो: तिथे कोटिंगवर पैसे घालू नका. पर्लिनच्या वरच्या बाजूला, पत्रा टेकतो तिथे, गंज आहे का हेही पत्रा उचलून पाहावं. नवा पत्रा गंजक्या पर्लिनवर बसवला तर नव्या स्क्रूंना पकडच मिळत नाही आणि पहिल्या जोराच्या वाऱ्यात ते कळतं.

मग वर जाऊन एकदा बघून येऊ का?

गंजलेल्या छपरावर एकट्याने, पट्टा न बांधता जाऊ नका. खालून गंजलेला पत्रा वरून अगदी भक्कम दिसतो. जुने फायबरचे पारदर्शक पत्रे धुळीने माखले की आजूबाजूच्या पत्र्यांत ओळखू येत नाहीत, आणि माणसाचं वजन ते पेलत नाहीत. आधी आतून, दिवसा दिवे बंद करून बघा. उजेडाचे ठिपके जिथे दिसतील त्या ओळी कागदावर मांडा. वर जायचंच असेल तर पर्लिनच्या रेषेवर, स्क्रूंच्या ओळीवरून, आडव्या फळ्या टाकून आणि मऊ तळव्याचे बूट घालून. तळव्यात रुतलेले खडे आणि स्क्रूच्या कापट्या चढण्याआधी झटकून टाका, नाहीतर तपासणीलाच गेलेला माणूस नवे ओरखडे पाडून खाली येतो.